टंचाईच्या गावात माशांची टाकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात बीडच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसताना लोक बैठकीच्या खोलीत काचेच्या टाक्या मांडून मासे पोहवत बसतात, ही चैन मराठवाड्याला परवडणारी नाही, असा त्यांचा सूर होता. त्यांची चीड मला कळते. मी लातूरची. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून साधारण पाच लाख लिटर पाणी होतं, तेव्हा मी नोकरीत होते. टँकरमागे घागरी घेऊन पळणारी माणसं पाहिली आहेत. तरीही माझ्या घरात दीड फुटी टाकी आहे, त्या वर्षीही होती, आणि तिच्यापायी कुणाच्या तोंडचं पाणी पळालं असं मला वाटत नाही. कसं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी हिशेब. दीड फुटी टाकी म्हणजे लांबी ४५, रुंदी ३० आणि उंची ३० सेंटिमीटर. तिन्ही आकडे गुणून हजारने भागा, लिटर निघतात. काठोकाठ चाळीस लिटर. बहुतेक घरांत ही टाकी कशी सांभाळतात? पाणी जरा गढूळ दिसलं की मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, गोटे-वाळू घासायची, काच पावडरने धुवायची आणि नवं पाणी भरायचं. आठवड्यात दोनदा असं करणारी घरं मला माहीत आहेत. महिन्याचे झाले तीनशे वीस लिटर, घासायधुवायचं पाणी वेगळं. माझ्याकडे आठवड्यातून एकदा दहा लिटर निघतं आणि दहा लिटर पडतं. महिन्याचे चाळीस, वर उन्हाने उडेल तेवढी भर. निघालेलं पाणी तुळस, कढीपत्ता आणि गॅलरीतल्या मोगऱ्याला जातं. त्यात माशांच्या विष्ठेतून आलेलं नायट्रेट असतं, झाडांना ते खतच. म्हणजे जे पाणी तसंही कुंड्यांना घालायचं होतं ते आधी आठवडाभर माशांनी वापरलं. यात चैन कुठे आली ते बीडच्या वाचकांनी सांगावं. दुचाकी पाइप लावून धुणाऱ्यांना आणि गच्चीवरची टाकी भरून वाहत असताना खाली मालिका बघत बसणाऱ्यांना त्यांनी आधी पत्र लिहायला हवं होतं.

पण त्यांचं अर्धं म्हणणं मी मान्य करते. आपल्याकडे मासे पाळण्याची जी रीत पडली आहे तिच्यात पाणी वाया जातं हे खरं. आणि ज्या सवयीने पाणी वाया जातं, नेमकी तीच सवय मासे मारते. हे लोकांच्या गळी उतरवणं फार अवघड. स्वच्छता केली म्हणून कुणी मरेल कसं, हा प्रश्न मला आमच्या गल्लीत किती जणांनी विचारला असेल.

खालच्या मजल्यावरचा चौथीतला पोरगा एके सकाळी वर आला. "काकू, मासे मरायलेत." एका वाढदिवसाला परतभेट म्हणून मिळालेले दोन गोल्डफिश, वाटीएवढ्या गोल भांड्यात. दोन्ही पाण्याच्या वरच्या थराशी तोंड काढून आ-वासत होते. त्याच्या आईने आदल्याच दिवशी भांडं लख्ख धुतलं होतं, कारण आदल्या दिवशी नळ आला होता. नळ आला की आपल्याकडे सगळंच धुतात, गोधड्या, फरशी, जिना, तसं माशांचं भांडंही. ताज्या नळाच्या पाण्यात ताजं क्लोरिन. केंद्रावरून पाणी सुटतं तेव्हा शेवटच्या घराच्या नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे, असं आम्ही बघायचो. परीक्षानळीत ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकले की पाणी फिकट पिवळं व्हायचं, तो आमचा दाखला. माणसाला एवढं क्लोरिन जेमतेम वासाने कळतं. माशाला मात्र ते थेट कल्ल्यांना लागतं, कारण त्याला श्वास त्याच पाण्यातून घ्यायचा असतो. टँकरवाल्याने टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर अंदाजपंचे मुठीने टाकली असेल तर विचारूच नका.

क्लोरिन घालवायला फार काही लागत नाही. पाणी रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडं ठेवा, त्यात हवेचा पंप सोडला तर आणखी लवकर जातं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट. पाण्याचे नमुने जंतुतपासणीला पाठवायच्या बाटल्यांत आम्ही हेच घालायचो, क्लोरिन जागच्या जागी थांबावं म्हणून. माशांच्या दुकानात ‘अँटी-क्लोरिन’ म्हणून जी बाटली मिळते ती बहुधा याचीच. आठ दिवसांनी नळ येण्याचा एकच फायदा आहे, तो म्हणजे हौदात साठवलेल्या पाण्यातलं क्लोरिन दोन-तीन दिवसांत उडालेलं असतं. तेव्हा नळाच्या दिवशी सगळं धुवा, पण माशांच्या टाकीला हात लावू नका.

क्लोरिन हे अर्धंच कारण झालं. दुसरं डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही सहसा कळत नाही. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, वर विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य कुजून तोच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरतो. काचेच्या बंद टाकीत जाणार कुठे? तिथे त्याला खाणारे जिवाणू लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं आहेत, तिसरं त्या मानाने बरंच सौम्य आणि तेच आपण आठवड्याच्या दहा लिटरांबरोबर कुंडीत ओततो. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. गोट्यांवर, काचेवर आणि सगळ्यांत जास्त फिल्टरच्या स्पंजात चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आता तुम्हीच सांगा, दर चार दिवसांनी गोटे पावडरने घासले आणि स्पंज नळाखाली पिळला तर ती वस्ती बसेल कशी? टाकी कायम पहिल्या दिवसावरच राहते, आणि पहिल्या आठवड्यात मासे का जातात त्याचं उत्तर तिथेच आहे.

आपल्या पाण्याचा यात एक वेगळा मुद्दा आहे, आणि तो पुण्या-मुंबईची माहिती वाचून मासे पाळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मराठवाड्याच्या पोटात काळा बेसाल्ट आहे. आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल वर्षात पांढरी पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. बोअरच्या नमुन्यांत दोनशेच्या आतला आकडा दिसला की आम्ही नमुना पुन्हा तपासायचो! अशा पाण्याचा सामू (पीएच) सहसा साडेसात-आठकडे झुकलेला असतो. अमोनियाचं विषारी रूप किती, ते या सामूवर ठरतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का किंवा थोडा जास्त भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणजे तेवढेच मासे, तेवढंच खाद्य, तेवढीच घाण, पण मऊ पाण्याच्या गावी जे खपून जातं ते आपल्याकडे दहापट भोवतं. आपल्याकडच्या नवशिक्यांचे मासे जास्त मरतात ते हाताला गुण नसतो म्हणून नव्हे.

मग टाकी बसवायची कशी? आधी मासे नाहीतच. टाकी भरा, एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा, तो रात्रंदिवस चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाका. ते कुजतं, अमोनिया तयार होतो, त्यावर जिवाणू वाढतात. लवकर हवं असेल तर ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तिथला वापरातला स्पंज मागून आणा आणि न वाळवता तसाच ओला तुमच्या टाकीत सोडा. विरजण लावतात तसंच हे. खालच्या मजल्यावरच्या पोराला मी माझ्या फिल्टरमधला अर्धा स्पंज कापून दिला होता. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंबांचे संच मिळतात, काही शे रुपयांचे. दोन्ही शून्य आले की मासे आणायचे, तेही सगळे एकदम नाही. आणताना पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, मग तिच्यात थोडं थोडं टाकीचं पाणी घालत जायचं आणि मासे जाळीने उचलून सोडायचे. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

आरओ मशीन विकायला येणारा पोरगा जे पेन पाण्यात बुडवून आकडा दाखवतो, ते टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं पेन. त्यात अमोनिया कळत नाही, पण ते निरुपयोगीही नाही. टँकरचं पाणी आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या शिवारातल्या बोअरचं. टाकीतल्या पाण्याचा आकडा आणि नव्या पाण्याचा आकडा यांत फार फरक असेल तर दहाऐवजी तीन-चार लिटरच बदलायचं. माशाला जड पाणी सोसतं, पण अचानक बदल सोसत नाही. म्हणून घरात वीस लिटरची एक झाकणाची बादली फक्त माशांसाठी कायम भरून ठेवावी, असं मी सगळ्यांना सांगते. टँकरचं पाणी गढूळ असेल आणि त्यात तुरटी फिरवली असेल तर ते ताजं ताजं टाकीत नको, तुरटीने सामू उतरतो. बोअरचं पाणीही उपसल्याबरोबर घालायचं नाही. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, काही तास पंपाने हवा द्यावी.

जारच्या पाण्याबद्दल खास लिहिते, कारण हे खूळ अलीकडे वाढलं आहे. माशांना ‘शुद्ध’ हवं म्हणून काही जण वीस लिटरचे आरओचे जार टाकीत ओततात. त्या पाण्यातून क्षारच काढून टाकलेले असतात. सामू स्थिर ठेवणारं काही त्यात उरत नाही, आणि टाकीत रोज जे आम्ल तयार होतं त्याने तो एखाद्या दिवशी कोसळतो. आरओचं पाणी एकाच ठिकाणी उपयोगी आहे, ते म्हणजे उन्हाने उडालेल्या पाण्याची भर घालायला. पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात, काचेवर पांढरी रेघ धरते ती त्यांचीच. त्यात पुन्हा बोअरचं पाणी भरत राहिलात तर महिन्या-दोन महिन्यांत खारवणी होते. ‘पाणी बदलायचं नाही, नुसती भर घालायची’ असा टंचाईवरचा उपाय काही जण सांगतात, तो या कारणाने फसतो.

आता मासे कोणते. इथे मराठवाड्याच्या माणसाने नशिबाला दोष देऊ नये. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्लं देणाऱ्या जाती मुळात मध्य अमेरिका आणि तिच्या आसपासच्या. त्यांना जड, किंचित अल्कधर्मी पाणीच मानवतं. मोलीला तर मऊ पाण्यात आजार होतात. आपल्या बोअरच्या पाण्यात त्या मजेत राहतात. गप्पी तर आपल्याला सरकारी भिंतींवरून माहीत आहे, ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभागाची माणसं हौदांत, पडक्या विहिरींत त्यांना सोडतात. हौदातल्या गप्पीला लोक मासा मानत नाहीत ही गोष्ट वेगळी. दुकानात जाऊन निऑन टेट्रा मागतात, डिस्कस मागतात. हे ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले. आपल्या पाण्यात त्यांना जगवायचं तर आरओचं पाणी हवं, म्हणजे एक लिटर मिळवायला दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं. ही मात्र चैन आहे, इथे मी बीडच्या वाचकांच्या बाजूने आहे.

चाळीस लिटरच्या टाकीत सहा-सात गप्पी नर पुरे. नरच, कारण ते रंगीत असतात आणि कारण मादी महिन्या-सव्वा महिन्याला पिल्लं घालते आणि एकदाचं वीर्य काही महिने साठवून ठेवते. दुकानातून एकटी मादी आणली तरी घरी बाळंतपणं चालू. मग ही पिल्लं ओळखी-पाळखीत वाटत सुटायचं, आणि घेणाराही नंतर आपल्याला टाळतो.

गोल्डफिश या टाकीत नको. दुकानात तो बोटाएवढा असतो म्हणून लोक फसतात. नीट ठेवला तर तो वीतभर वाढतो, दहा वर्षांहून जास्त जगतो, घाण खूप करतो आणि त्याला थंडावा लागतो. परतभेटीच्या भांड्यात त्याचं आयुष्य दिवसांत मोजायचं. तसाच तो ‘सकर’. टाकी साफ करतो म्हणून गळ्यात मारतात. तो फूटभराहून मोठा होतो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. मोठा झाला की लोक त्याला मांजरा नदीत नाहीतर तळ्यात सोडून येतात. कृपा करून असं करू नका. परदेशी सकर भारतातल्या नद्या-तलावांत आधीच पसरला आहे आणि आपल्या माशांच्या जिवावर उठला आहे. फायटर मात्र एकटा, दहा-पंधरा लिटरमध्ये, नवशिक्याला चालतो. तो वरची हवाही घेऊ शकतो. पण म्हणून त्याला दुकानातल्या प्लॅस्टिकच्या ग्लासात कायम ठेवायचं नाही, आणि दोन नर एकत्र कधीच नाही.

खाण्याबद्दल सांगून सांगून माझं तोंड दुखतं. मासे भुकेने मेल्याचं मी पाहिलेलं नाही, लाडाने मेलेले पुष्कळ. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलं तर जाळीने काढा. घरात एकाच माणसाने खाऊ घालायचं, नाहीतर आजी घालते, नातू घालतो, आलेला पाहुणा बिस्किटाचा चुरा टाकतो आणि मासा प्रत्येकासमोर पहिल्यांदाच जेवत असल्यासारखा धावत येतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या माशांना एकादशी असते, कडक, साबुदाणासुद्धा नाही.

उन्हाळा ही आपली खरी परीक्षा. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असतं तेव्हा पत्र्याच्या घरात टाकीचं पाणी तेहतीस-चौतीसला जातं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाला लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तीस अंशाला साडेसात. आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. यावर बर्फाचे खडे टाकणारी मंडळी आहेत. त्याने तासाभरात पाणी थंड होतं आणि पुन्हा तासाभरात तापतं, ही उलथापालथ माशाला उन्हापेक्षा वाईट. टाकीचं काचेचं झाकण काढा, वर जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडा. आपल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी थोडं जास्त उडेल, पण एअर पंप जोरात ठेवला तर मासे तरतात. टाकी खिडकीसमोर नको, पश्चिमेच्या भिंतीला नको. दिवा सहा ते आठ तासांपेक्षा जास्त नको, नाहीतर शेवाळ.

वीज गेली की फिल्टरमधल्या जिवाणूंचाही श्वास कोंडतो, माशांचा तर कोंडतोच. सेलवर चालणारा एअर पंप मिळतो, तो घरात ठेवावा किंवा पंप इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्यावा, तो अगदी थोड्या वॅटवर चालतो. भारनियमनाच्या दिवशी खाद्य बंद. माझा आग्रह कमी माशांचा असतो तो यासाठीही. टाकीत मासे विरळ असतील तर चार-सहा तास वीज नसली तरी निभावतं.

थंडीचं थोडक्यात. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास येतो, दिवसा तिशीला टेकतो. अशा वेळी माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठतात आणि ते गोट्यांना अंग घासू लागतात. हा परजीवी आहे. अंगावर ठिपका असताना त्याला औषध लागू पडत नाही, तो अंगावरून सुटून पाण्यात फिरतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवायचा नाही. हीटरने पाणी हळूहळू तीस अंशापर्यंत न्यायचं, लिटरला एक-दोन ग्रॅम खडे मीठ विरघळवून घालायचं, हवा वाढवायची आणि ठिपके गेल्यावरही आठवडाभर तसंच ठेवायचं. गप्पी-मोलींना हे मीठ सहज सोसतं.

पण मासा सुस्त दिसला की निळं औषध ओतायची जी सवय आहे ती मोडली पाहिजे. मिथिलीन ब्लूने फिल्टरमधले जिवाणूही मरतात. घरातल्या उरलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकणारेही मी पाहिले आहेत, त्याचा परिणामही तोच. दहातल्या आठ वेळा आजार पाण्याचा असतो. आधी एक चतुर्थांश पाणी बदला, खाद्य थांबवा, अमोनिया तपासा. औषध नंतर.

वास्तूचा विषय टाळता येत नाही, कारण आमच्याकडे निम्म्या टाक्या त्यासाठीच येतात. ईशान्येला ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा ठेवा, आणि मासा मेला तर घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं म्हणून समाधान माना. कुणाच्या श्रद्धेशी मला भांडायचं नाही. पण या समजुतीने एक मोठं नुकसान केलं आहे. मासा मेला की लोक कारण शोधत नाहीत, उलट सुटल्यासारखं वाटून दुसऱ्या दिवशी नवीन आणतात. त्या दीड फुटी टाकीत नऊ गोल्डफिश सोडले तर संकट त्यांच्यावरच येणार, आणि ते टाकीतूनच येणार. आपल्या पुरवणीतही अधूनमधून टाकीची दिशा सांगणारा मजकूर छापून येतो. तो छापू नका असं मी म्हणत नाही, पण खाली दोन ओळी लिटर आणि माशांच्या संख्येबद्दल टाकता आल्या तर बघा.

दुकानदारांनाही एक सांगणं आहे. ती माणसं वाईट नाहीत, पोटाचा प्रश्न आहे, आणि गिऱ्हाइकालाच घाई असते. टाकी, गोटे, पंप, मासे आणि निळी बाटली असा सगळा संच एकाच दिवशी पिशवीत हवा असतो. पण ज्याचे मासे पहिल्या पंधरवड्यात जातात तो पुढच्या महिन्यात टाकी माळ्यावर टाकतो आणि पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. आज टाकी आणि फिल्टर विका, सोबत चालू टाकीतला ओला स्पंजाचा तुकडा द्या, पाणी कुठलं ते विचारा, नळ, बोअर की टँकर, आणि मासे न्यायला महिन्याने बोलवा. प्रत्येक पेटीवर मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो तेवढं सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. आणि वाढदिवसाला भांड्यासकट गोल्डफिश वाटायची मागणी आली तर नाही म्हणा, रोपं द्या म्हणावं, पेन द्या, काहीही द्या.

बीडच्या वाचकांना माझं निमंत्रण आहे. लातूरला आले तर माझी टाकी बघून जावी. हवी असतील तर गप्पीची पिल्लं देईन, त्यांच्या हौदात सोडायला. त्यांना खाद्यही लागणार नाही आणि वेगळं पाणीही नाही, हौदातल्या अळ्या पुरतात.

कळावे,
आपली एक वाचक, लातूर
(नाव व पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे, कृपया छापू नये.)

ता. क. दिवाळीत किंवा लग्नाला गावी जाताना माशांचं काय करायचं, हे मला दर वर्षी विचारतात. पाच-सहा दिवस निरोगी, वाढ झालेले मासे उपाशी राहू शकतात. जायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, फिल्टर चालू ठेवा, दिवा बंद करा. शेजाऱ्यांकडे किल्ली दिलीत तर पंप चालू आहे का एवढंच बघायला सांगा आणि खाद्याचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवा.